हजेरी

आई दर दोन वर्षांनी साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला येते आणि आली की पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतली धूळ पुसायला घेते. तिथे खिडकीखालच्या टेबलावर रोमन सैन्य असतं. एकेक शिपाई दोन बोटांत उचलायचा, खालची धूळ टिपायची आणि त्याला बरोबर त्याच्या जागी ठेवायचं. पुढची रांग पुढे, मागची मागे. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही भाला मोडलेला नाही.

त्या टेबलावर सध्या जी पलटण आहे, तिच्यात अडतीस शिपाई आहेत. प्रत्येकाची उंची २८ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी. भाग कापून चिकटवायचे, प्रायमर मारायचा, मग अंगरख्याचा रंग, कातड्याचा रंग, कड्यांच्या चिलखतावर चंदेरी, त्यावर काळपट पातळ वॉश म्हणजे प्रत्येक कडी वेगळी दिसते. सगळ्यात शेवटी डोळे. मी डोळे रंगवतो. या आकाराला ते रंगवू नयेत, सावलीचा एक ठिपका पुरतो, असं बरेच जाणकार सांगतात. पण डोळ्यांशिवाय माणूस पुरा झाल्यासारखा मला वाटत नाही. ही पलटण पुरी करायला मला सगळा हिवाळा लागला.

अडतीसच का, त्यालाही हिशेब आहे. आमच्या क्लबात आम्ही अशा शिपायांच्या लढाया टेबलावर फासे टाकून खेळतो, आणि तिथे अजून जुन्या धर्तीचे नियम चालतात: टेबलावरचा एक शिपाई म्हणजे खरी वीस माणसं. सेंच्युरी म्हणजे रोमन सैन्यातली तुकडी; तिच्यात नावाप्रमाणे शंभर नव्हे, ऐंशी माणसं असत. म्हणजे आमचे चार शिपाई. माझी पलटण मी खऱ्या पलटणीवरून उभी केली आहे. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडाच्या ठाण्यात इसवी सन १००च्या थोडं आधी तुंग्रियनांची पहिली कोहोर्ट, म्हणजे अनेक सेंच्युरींची पलटण, होती. आजच्या बेल्जियममधल्या टोंगेरेनच्या आसपासची ही माणसं. ठाण्याच्या जागी १९७३पासून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेले कागदपत्र सापडत आले, आणि त्यांत या कोहोर्टची एक हजेरी आहे. तिची पहिली ओळ सांगते, एकूण संख्या ७५२. वीसने भागा: जवळजवळ अडतीस.

ही पहिली ओळ मी एका रंगकामाच्या मार्गदर्शिकेत वाचली होती. तेवढीच.

सैन्य मांडायची ही सवय माझी तिकडचीच. साताऱ्यात आमच्या वाड्याच्या अंगणात दिवाळीला किल्ला व्हायचा. दगड, विटा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, उतारावर अळीव पेरलेले. कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. बुरुजाएवढा वाघ गुहेत बसायचा आणि महाराज मावळ्यांच्या तिप्पट मोठे असायचे, त्यात आम्हाला काही चूक वाटायचं नाही. मावळ्यांचे पाय मात्र घोट्याशी मोडायचे. असा मोडका मावळा आम्ही फेकत नसू, तटाला टेकवून उभा करत असू किंवा गुडघ्यापर्यंत चिखलात रोवत असू. किल्ल्यावर प्रत्येकाने उभंच राहिलं पाहिजे, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

२०२४च्या फेब्रुवारीत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘लिजन : रोमन सैन्यातलं जीवन’ हे प्रदर्शन लागलं. जूनपर्यंत होतं. एप्रिलमध्ये आई आली आणि मी दोन तिकिटं काढली. कॉव्हेंट्रीहून युस्टन गाडीने तासाभराचं, तिथून पुढे आम्ही चालत गेलो. आईला मी आधी सांगून ठेवलं होतं की तिथे कदाचित कंटाळा येईल, भांडीकुंडी नाहीत, सगळं लढाईचं आहे. हे माझं सांगणं साफ चुकलं.

आत गेल्यावर पहिली ओळख होते ती क्लॉडिअस टेरेन्टिआनस नावाच्या एका मुलाशी. इजिप्तमधला, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याला लिजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य, मोठ्या पलटणीत जायचं होतं, पण भरती झाली आरमारात, आणि लिजनपर्यंत तो पुढे कधीतरी पोचला. त्याच्या पत्रांच्या धाग्याने प्रदर्शन पुढे सरकत जातं. पत्रं पपायरसवर, काही लॅटिनमध्ये, काही ग्रीकमध्ये, बहुतेक वडिलांना. सुरुवात ठरलेली: सगळ्यात आधी, तुम्ही धडधाकट, आनंदात आणि सुखरूप असावं हीच माझी इच्छा. मी वाचून मराठीत सांगत होतो आणि आई मध्येच म्हणाली, “येथील सर्व कुशल, आपली खुशाली कळवावी.”

तिचे थोरले भाऊ, माझे मोठे मामा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या प्रत्येक इनलँड पत्राची सुरुवात हीच असायची.

एका पत्रात टेरेन्टिआनस वडिलांकडे सामान मागतो. लढाईची तलवार, कुदळ, लोखंडी आकडा, मिळतील तितके चांगले दोन भाले, झगा, अंगरखा, विजार. मला हे ऐकून माहीत होतं की रोमन शिपायाच्या पगारातून कपड्यांचे आणि जोड्यांचे पैसे कापले जात. पण तलवारीसाठी घरी पत्र लिहिणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे कधी आला नव्हता. आणखी एका पत्रात बुटांची तक्रार आहे. इथले बूट काही कामाचे नाहीत, महिन्यातून दोनदा मलाच पायताणाची सोय करावी लागते, तेव्हा कातडी बूट आणि नमद्याचे मोजे पाठवा. त्याच पत्रात तो लिहितो, इथे पैशाशिवाय काही होत नाही, आणि शिफारशीच्या पत्रांचाही उपयोग नाही, माणसाने स्वतःच स्वतःचं बघावं लागतं.

आई बराच वेळ तिथेच उभी होती. मागचे लोक पुढे जात होते. मग तिने विचारलं, “मोजे पोचले का त्याला?”

मोठ्या मामांना मोजे तीच विणून पाठवायची. राखाडी लोकरीचे, दर दिवाळीच्या आधी, चिवड्याच्या डब्यासोबत शिवलेल्या कापडी पार्सलातून. पार्सल पोचल्याचं पत्र यायला महिना-दीड महिना जायचा आणि तोवर घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. मी तिला एवढंच सांगितलं की ही पत्रं कारानिस नावाच्या गावात एका घराच्या जिन्याखाली सापडली, मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी केलेल्या खोदकामात. म्हणजे ती ज्यांना लिहिली होती, त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि कुणीतरी ती टाकून दिली नव्हती. आई म्हणाली, “जिन्याखालीच ठेवतात.” आमच्या साताऱ्याच्या घरी मामांची पत्रं जिन्याखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.

मी ज्यासाठी आलो होतो, ती ढाल पुढच्या भागात होती.

रोमन सैन्य गोळा करणाऱ्या कुणालाही ही ढाल पाठ असते. सीरियातल्या युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोसमध्ये सापडलेली, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहातली, लिजनच्या शिपायांची लांबट वळलेली ढाल. इतकी अखंड अशी जगात ही एकच. तिसऱ्या शतकात, २५६च्या सुमाराला इराणच्या ससानी सैन्याने ते शहर घेतलं. वेढ्याच्या आधी रोमनांनी तटाला आतून मातीचा मोठा भराव लावला होता, आणि त्याच भरावाने कोरड्या हवेत लाकूड, कातडं, कापड सगळं राखून ठेवलं. ढाल सुमारे १०५ सेंटिमीटर उंच आहे. लाकडाच्या अरुंद पातळ पट्ट्या तीन थरांत, एक थर उभा तर दुसरा आडवा, अशा चिकटवलेल्या; प्लायवूडच म्हणायचं. एवढी करून जाडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. ती अनेक तुकड्यांत मोडलेली सापडली आणि तुकडे जुळवून उभी केली आहे.

मी टेबलावर ढाली रंगवतो त्या लाल गेरूच्या एकाच भरीव रंगात, वर तयार ट्रान्स्फर चिकटवून. पंख, वीज, चंद्रकोर. पाण्यात भिजवायचं, सरकवायचं, वाळू द्यायचं. सगळ्या ढाली सारख्या दिसतात आणि टेबलावर तेच छान दिसतं. काचेपुढे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की खरी ढाल ब्रशने रंगवलेली आहे. हे काही गुपित नव्हतं, फोटोतही दिसतं, पण फोटोत नजर चित्रावर जाते आणि इथे ती हातावर गेली. वर गरुड, त्याला पुष्पमाला देणाऱ्या पंखवाल्या विजयदेवता, खाली सिंह, भोवती भौमितिक पट्ट्या. सिंहाची आयाळ छोट्या छोट्या फटकाऱ्यांची आहे आणि पट्टीची रेघ मध्येच किंचित जाड होते, तिथे ब्रशमध्ये रंग जास्त भरला असणार. माझ्याही हातून तसंच होतं. मग मी श्वास धरून ओल्या ब्रशने कड ओढून घेतो. त्या माणसाने ओढून घेतली नव्हती, तशीच राहू दिली होती. सुमारे साडेसतराशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाशी मी त्याच्या धंद्यातलं बोलू शकलो असतो, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

ढालीच्या मधोमध भोक आहे. मुठीवर येणारी धातूची वाटी हरवली. वाटी कशी असते हे टाइन नदीत सापडलेल्या दुसऱ्या एका ढालीच्या वाटीवरून कळतं. ती ब्रिटिश म्युझियमच्याच संग्रहातली. तिच्यावर कोरीव चित्रं आहेत, आणि कडेला ठिपक्यांनी टोचून काढलेलं नाव: ज्युलिअस मॅग्नसच्या सेंच्युरीतला जुनिअस डुबिटाटस. त्याच्या आठव्या लिजनचा तळ ऱ्हाइनकाठी. तो इतक्या दूर आला आणि त्याची ढाल नदीत गेली. हॉस्टेलमध्ये ताटाच्या मागे नाव घालून घेतो तसं ते नाव आहे. हरवलं तर परत मिळावं म्हणून घातलेलं. माझ्या अडतीस जणांपैकी एकालाही मी नाव दिलेलं नव्हतं.

यानंतरच्या काही गोष्टींपुढून मी लवकर निघालो. मगरीच्या कातड्याचं चिलखत आहे, इजिप्तमधल्या मनफलुतजवळचं, लोकांची सगळ्यात जास्त गर्दी तिथे. ते लढाईचं नसून मगरीच्या पूजेतल्या मिरवणुकीचं असावं असं मानतात. जर्मनीतल्या नीडरबीबरचं ड्रॅगनचं धातूचं डोकं मात्र थांबून बघण्यासारखं. त्याला मागे कापडाची लांब नळी जोडलेली असे, स्वार दौडू लागला की तोंडातून वारा भरे आणि ड्रॅगन शेपूट हलवे. आमच्याकडे तो प्लास्टिकचा येतो, वारा नसतानाही कायम ताठ.

मग काल्करीझेचं चिलखत.

इसवी सन ९मध्ये जर्मनीच्या जंगलात सेनापती वारुसच्या तीन लिजन मारल्या गेल्या. सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी. हे आकडे रोमनांनी पुन्हा कधी कुठल्या लिजनला दिले नाहीत. ही लढाई मी किमान दहा वेळा खेळलो असेन, दोन्ही बाजूंनी. या लढाईची जागा मानल्या जाणाऱ्या काल्करीझेला २०१८ साली मातीच्या ढेकळातच एक पट्ट्यांचं चिलखत सापडलं. आधी ढेकूळ तसंच ठेवून क्ष-किरण आणि सीटी स्कॅन केलं, मग एकेक पट्टी सोडवली. या प्रकारचं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पूर्ण चिलखत ते हेच. लोखंड गंजून फुगलंय, पण खांद्याच्या पट्ट्या, बिजागऱ्या, बकलं ओळखू येतात. मी एकेक बकल ओळखत होतो आणि तो आनंद काही लपवण्यासारखा नव्हता. आईलाही दाखवत होतो, हे बघ, हे मी रंगवतो ते.

मग मी शेजारचा मजकूर वाचला. चिलखताबरोबर एक लोखंडी बेडी सापडली होती. गळ्याभोवती कडं आणि त्यालाच दोन्ही मनगटं अडकवायची सोय, म्हणजे हात हनुवटीखाली बांधलेले राहतात.

खेळात पलटणीचं मनोबल तुटलं की ती टेबलावरून उचलायची असते. दोन फासे टाकायचे, आकडा कमी आला की पलटण मोडली. आपण शिपाई दोन्ही हातांनी गोळा करतो आणि फोम लावलेल्या डब्यात ठेवतो. त्यातले किती मेले, किती पळाले, किती धरले गेले याचा हिशेब नियमांत नाही, कारण खेळाला त्याची गरज नाही. वारुसच्या सैन्याला मी असं अनेकदा डब्यात भरलं आहे आणि नंतर चहा घेतला आहे. चिलखत अंगावर असताना गळ्यात बेडी पडलेला हा एक माणूस त्या डब्यात कुठे बसत होता ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. आईने बेडीकडे बघून काही विचारलं नाही. तिने माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

तिथे मला मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावर सापडलेली एका रोमन शिपायाची पगारपट्टी आठवली. गायस मेसिअस, दहाव्या लिजनचा. एका हप्त्याचे पन्नास दिनार. त्यातून बार्लीचे १६, जेवणाचे २०, बुटांचे ५, कातडी पट्ट्यांचे २, लिननच्या अंगरख्याचे ७. बेरीज पन्नास. हातात काही नाही. आम्ही सैन्य निवडताना प्रत्येक शिपायाला गुण मोजतो, अनुभवी शिपाई महाग, नवखा स्वस्त, आणि ठरलेल्या गुणांत सैन्य बसवताना तासन्‌तास घालवतो. तो हिशेब मला आवडतो, अजूनही आवडतो. मेसिअसचा हिशेबही तितकाच काटेकोर आहे. फक्त तो शिपायाच्या बाजूने मांडलेला आहे.

घरी आल्यावर रात्री मी विंडोलांडाच्या हजेरीचं भाषांतर काढलं आणि पहिल्या ओळीच्या पुढे वाचायला लागलो.

१८ मे. तुंग्रियनांची पहिली कोहोर्ट, अधिकारी ज्युलिअस व्हेरेकुंडस. एकूण ७५२, त्यांत सहा सेंच्युरियन, म्हणजे सेंच्युरीचे प्रमुख. यातून गैरहजर: सुभ्याच्या अधिकाऱ्याकडे पहारेकरी म्हणून ४६. कोरिया म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला ३३७. लंडनला एक सेंच्युरियन. आणखी काही ठिकाणी थोडेथोडे. गैरहजर एकूण ४५६, पाच सेंच्युरियन धरून. ठाण्यात उरले २९६ आणि एकच सेंच्युरियन. त्या २९६मधून आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. बेरीज ३१. कामाला धड असे शिल्लक २६५.

मी हे पुन्हा वाचलं. ७५२ हा आकडा खरा होता आणि त्यावर मी बांधलेली पलटण त्या मे महिन्यात कुठेच उभी नव्हती. लिहिणाऱ्या कारकुनाने काही लपवलेलं नाही, पहिल्या ओळीनंतर लगेच वजाबाकी सुरू केली आहे. डोळे आलेल्यांचा त्याने वेगळा रकाना केला आहे, जखमींहून वेगळा, आजाऱ्यांहून वेगळा. एका खोलीत आठ-आठ जण, धुरकट शेकोटी, एकमेकांना लागण. दहा म्हणजे फार नव्हेत. पण त्या दहांची नोंद झाली. आमच्या प्रमाणात दहा माणसं म्हणजे अर्धा शिपाई होतो, आणि अर्धा शिपाई टेबलावर ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेबलापाशी बसलो. सतरा शिपाई उचलून पुस्तकांच्या फळीवर, डाव्या टोकाला ठेवले: कोरिया. दोन पहारेकरी वरच्या फळीवर. चार इकडेतिकडे, एक प्रिंटरवर, एक दिव्यापाशी. अडतीसातले तेवीस गेले, उरले पंधरा. त्यांतून दोन बाजूला काढले. टेबलावर तेरा. इतक्या मोठ्या हिरव्या कापडावर तेरा जण किती लांब लांब उभे करावे लागतात हे मला माहीत नव्हतं. पुढची रांग लावली तर मागे कुणी उरत नव्हतं.

पुढच्या शनिवारी क्लबात मी तेवढेच घेऊन गेलो. समोर नेहमीचे एक निवृत्त गृहस्थ होते, मी त्यांच्याच हाताखाली हे खेळायला शिकलो. ते म्हणाले, बाकीचे विसरलास का? मी म्हटलं, नाही, कोरियाला आहेत. मग सगळी हजेरी सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली, वहीत उतरवून घेतली आणि आपल्या सैन्यातूनही शिपाई वजा करायला बसले. त्यांच्या टोळीवाल्यांची हजेरी कुणी लिहिलेली नाही, म्हणून त्यांनी फासे टाकून आजारी ठरवले. दोन्ही बाजूंना इतकी कमी माणसं होती की कुणालाच कुणाला मोडू देणं परवडत नव्हतं. तीन तास आम्ही बहुतेक वेळ मागेच सरकत होतो. इतका चांगला खेळ मी क्वचित खेळलोय.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी तेरा जणांकडे बघत बसलो असताना आई पुसायचं फडकं घेऊन आली. टेबल बघून दारातच थांबली.

“बाकीचे कुठं गेले?”

मी दाखवलं. फळीवरचे सतरा, वरचे दोन, प्रिंटरवरचा एक. तिने प्रत्येकाकडे नीट बघितलं. मग खिडकीच्या कडेला बाजूला काढलेल्या दोघांकडे बोट केलं.

“आणि हे?”

“आजारी आहेत. त्यांतल्या काहींचे डोळे आलेत.”

“मग उभे कशाला केलेस?”

तिने फडक्याची चार पदरी घडी घातली आणि दोघांना उचलून त्यावर आडवं केलं. एप्रिलच्या अखेरीला इथे रात्री आठ वाजेपर्यंत उजेड असतो आणि आमची खिडकी पश्चिमेची आहे. सरळ ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं.

“डोळे आलेल्यांना उजेडात नको ठेवू,” आई म्हणाली.

मी घडी तशीच उचलली आणि पुस्तकांच्या सावलीत नेऊन ठेवली.